चौकट रंगवण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवता ठेवता आईने विचारलं, "रंगारी येणारेत. आतल्या खोलीच्या चौकटीवर त्या तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्यावरून ब्रश फिरवू दे ना?" मी "फिरवू दे की" म्हणालो आणि मग तासभर कामात लक्ष लागेना. हे फोनवर बोलता आलं नसतं. मी विषयाकडे वळेपर्यंत बाबा "बरं, तब्येत सांभाळ" म्हणून फोन आईच्या हातात देतात.

दुसरं एक कारण आहे. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की "डॉक्टर आहे, पण कुणाला तपासत नाही" असं बाबा सांगतात म्हणे. चूक नाही ते. पण त्याच्या पुढचं वाक्य मी तुम्हाला कधी दिलंच नाही, आणि ते त्या चौकटीशिवाय सांगताही येत नाही.

मी मुलं मोजतो. कागदोपत्री त्याला 'बाल व किशोर आरोग्य संशोधन' म्हणतात, पण दिवसाकाठी हातात असते ती उंचीची पट्टी, वजनकाटा, फॉर्म, आणि संध्याकाळी त्या सगळ्याचे आकडे. बाबा, तुम्ही डोक्यावर पुस्तक आडवं धरून रेघ मारायचात ना, तेच. फक्त आमच्याकडे त्यासाठी जाडजूड नियमावली आहे. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. तेच मूल झोपवून मोजलं तर साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, त्यामुळे कसं मोजलं हेही लिहायचं. टाचा मागे टेकलेल्या, केसांतल्या क्लिपा काढलेल्या, नजर समोर. दिवसभरात माणूस जवळजवळ सेंटिमीटरभर दबतो, म्हणून वेळही टिपायची. तुम्ही माझी शेवटची रेघ बूट घालून मारली आहे, हे मला पक्कं आठवतं. ती बाद.

हा खटाटोप कशासाठी, असं आई विचारेल. मुलाची उंची ही एका दिवसाची गोष्ट नसते. वजन आठवड्याच्या तापाने उतरतं, पण उंची मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब सांगते. पोटात काय गेलं, किती वेळा जुलाब झाले, आई गरोदर असताना तिची काय अवस्था होती, सगळं त्यात मुरलेलं असतं. आई, तू नेहमी म्हणायचीस, "आमच्या घराण्यातच सगळे बुटके." जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांची मोजमापं घेतली. नीट अंगावर पाजलेली, नीट सांभाळलेली, आई सिगारेट ओढत नसलेली अशीच मुलं निवडली होती. पाच वर्षांपर्यंत ती सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढली. त्यावरून २००६ साली कोष्टकं निघाली. एका घरात कुणी उंच, कुणी ठेंगणं असणारच, पण अख्ख्या वस्तीतली मुलं खुजी राहिली तर तिथे घराण्याचं नाव सांगून सुटता येत नाही.

त्या अभ्यासातला एक नियम मला फार आवडतो. दोन माणसांनी एकच मूल वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा आकडा न बघता. उंचीत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की दोघांनीही पुन्हा मोजायचं. कोण बरोबर, कोण चूक, हा वादच नाही.

बाबा, तुम्ही जन्मभर हिशेबाचं लेजर जुळवलंत, म्हणून ही गोष्ट खास तुम्हाला. एकदा आमच्या एका टीमचे आकडे आले. एक रकाना रिकामा नाही, खाडाखोड नाही. मी खूश. रात्री सहज शेवटचा अंक मोजायला बसलो. खऱ्या उंच्यांमध्ये दशांशानंतरचा अंक शून्यापासून नऊपर्यंत साधारण सारख्याच वेळा यायला हवा. इथे जिकडेतिकडे शून्य नाहीतर पाच. ११८.०, १२१.५, ११९.५. म्हणजे टीममधल्या पोरांनी अंदाजपंचे लिहिलेलं. सकाळी मी टीमवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यातली एक मुलगी काही न बोलता पट्टी घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मिलिमीटरच्या खुणा झिजून गेल्या होत्या. वाचता येत होत्या त्या फक्त अर्ध्या सेंटिमीटरच्या लांब रेघा. पट्टी गोदामातून निवडून मीच पाठवली होती. सगळ्यांची माफी मागितली आणि सगळी मुलं पुन्हा मोजली. तुम्ही असतात तर लेजर बंद करून आधी पेन तपासलं असतंत.

आता मूळ मुद्दा. गेली काही वर्षं मी लहान मुलांकडून मोठ्या मुलांकडे सरकलो आहे, दहा ते एकोणीस. या वयाकडे आमच्या शास्त्राचं लक्ष जरा उशिराच गेलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. १९९० साली जगात पाच वर्षांखालची सुमारे १ कोटी २८ लाख मुलं दगावली. घर पेटलेलं असताना माणूस आधी पाळण्याकडे धावणार. लसी, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, बाळंतपणातली काळजी यांनी २०२२ पर्यंत तो आकडा ४९ लाखांच्या आसपास आला. अजून खूप आहे, पण उतरला. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र त्या मानाने मरत नाहीत, दवाखान्यात येत नाहीत आणि विचारलं तर "काही नाही" म्हणतात. त्यामुळे ती निरोगी धरली गेली. पाच वर्षांपुढची उंचीची कोष्टकंसुद्धा २००७ मध्ये जुन्या अमेरिकन मोजमापांची डागडुजी करूनच बनवावी लागली, लहानग्यांसारखा नवा अभ्यास त्यांच्या वाट्याला आला नाही.

आणि वय तर असं, की सगळं त्यातच घडतं. अठराव्या शतकात माँबेयार नावाच्या एका फ्रेंच उमरावाने आपल्या मुलाची उंची १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं, साधारण दर सहा महिन्यांनी टिपून ठेवली. बुफाँ या निसर्गाच्या अभ्यासकाने ते आकडे छापले. आमच्याकडे तो आलेख अजून शिकवतात. नुसती उंची पाहिली तर एक चढती रेघ, पण दर वर्षी किती वाढला ते काढलं की वेगळंच चित्र. पहिल्या वर्षी भरधाव, मग वेग उतरत उतरत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर, आणि मग अचानक पुन्हा उसळी. मुलींची उसळी मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येते, मुलांची सरासरी चौदाच्या आसपास. पण ती सरासरी. कुणाची बाराव्या वर्षी, कुणाची सोळाव्या. दोघंही ठणठणीत. वर्गात मात्र दोघं एकाच बाकावर बसतात.

मध्यंतरी तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आला. आईची सही झालेली होती. आमच्याकडे पालकांच्या सहीखेरीज मुलाचा स्वतःचा होकारही लागतो आणि तो नुसता नावापुरता नसतो. त्याने फॉर्म वाचला, चक्क सगळा, आणि विचारलं, "नाही म्हटलं तर चालतं?" मी म्हटलं, "चालतं." "मग उंची नको. बाकीचं विचारा." त्याची आई ओशाळली. "अरे, साहेब लांबून आलेत," वगैरे. मी पट्टी घडी करून पिशवीत घातली. आईला बाहेर बसवलं, त्याच्या हातात टॅबलेट दिला आणि पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिलो. सुरू करण्याआधी एवढं सांगितलं, की उत्तरं कुणाला कळणार नाहीत. मात्र तुझ्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही. तो वीस मिनिटं लिहीत होता. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, आणि असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.

उंचीच्या रकान्यात आम्ही अशा वेळी ८८८.८ लिहितो, म्हणजे नकार. मोजायचंच राहून गेलं असेल तर ९९९.९. हे आकडे गाळायला विसरलं की संगणक दहा मीटर उंचीची पोरं दाखवतो, ती मजा वेगळी. पण हे दोन कोड वेगळे ठेवण्यामागे अर्थ आहे. रिकाम्या जागा उगाच कुठेही पडत नाहीत. जे मूल उत्तर देत नाही, ते उत्तर देणाऱ्यांसारखंच असेल असं धरून चाललं की हिशेब चुकतो. बऱ्याचदा जे शोधायला निघालो ते नेमकं तिथेच असतं.

आपल्या चौकटीवर बाराव्या वर्षाची रेघ आहे, १४३. त्यानंतरची सोळाव्या वर्षाची, १६५, बूट धरून. मध्ये वीतभर कोरं लाकूड. बाबा, तुम्ही दर वाढदिवसाला पेन्सील घेऊन हाक मारायचात आणि मी बाथरूममध्ये जाऊन बसायचो. तुम्हाला वाटलं, वयात आलाय, लाजतोय. मी वर्गात सगळ्यांत बुटका होतो. प्रार्थनेला उंचीनुसार रांग लागायची आणि मी कायम पहिला. मधल्या सुट्टीत दोघं-तिघं मला काखेत धरून उचलायचे आणि फळीवर बसवायचे, उतरता येऊ नये म्हणून. माझं एक नाव पडलं होतं, ते अजूनही लिहवत नाही.

सोमवारची पोटदुखी आठवते? आई, तू मला घेऊन किती ठिकाणी हिंडलीस. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पोट मात्र खरंच दुखायचं. कुठे दुखतं हे सगळ्यांनी विचारलं, कुठल्या वारी दुखतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांच्या प्रश्नावल्यांतही तो प्रश्न सहसा नसायचा. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दहा ते एकोणीस वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. या वयातल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांबरोबर आत्महत्याही आहे. मी त्या टोकापर्यंत कधी गेलो नाही, आई. तू हे वाचून रात्रभर जागशील म्हणून स्पष्ट लिहितो. नाही गेलो.

तर बाबा, कुणी विचारलं तर सांगा, मुलगा रिकाम्या जागा शोधतो. किंवा नका सांगू, फार जड होईल. 'डॉक्टर आहे, पण तपासत नाही' हेच बरं.

रंगाचं असं करा. रंगारी यायच्या आधी टेपचा शून्य फरशीला टेकवून प्रत्येक रेघ मोजा. बाबांनी एकदा, आईने एकदा, वेगवेगळ्या कागदांवर. एकमेकांचं बघायचं नाही. (आई, तू बघशील.) वीतभर कोऱ्या जागेचाही फोटो हवा. मग खुशाल रंगवा.

आणि रंग वाळला की तुम्ही दोघं तिथे उभे राहा. अनवाणी. आई, केस सोडून. या वयात उंची उतरते; थोडी उतरली तर चालेल, पण बाबा लग्नाच्या फोटोत आईपेक्षा चांगले कानभर उंच दिसतात आणि हल्लीच्या व्हिडिओ कॉलवर तसे वाटत नाहीत. पाठीचा कणा दबतोय का ते बघायला हवं. आकडा मला कळवा. सकाळची वेळ धरा, आणि वेळ लिहायला विसरू नका.

तुमचा,
बाळ