भुसावळच्या भाऊंचे जाहीर आभार

भाऊ, सप्रेम नमस्कार.

रावेरच्या केळीखरेदीच्या प्रोग्रॅममध्ये वजनाच्या जागी घडांची संख्या, घडांच्या जागी वजन आणि दराच्या जागी भलताच आकडा छापला जात होता. कंपायलर (आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) बनवणाऱ्यांनी फाईल चालवूनही न बघता "आर्ग्युमेंट्स उलटी लागलीत", म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमतींचा क्रम आमच्याकडूनच चुकलाय, म्हणून तक्रार बंद केली. तुम्ही असेम्ब्ली (कंपायलरने तयार केलेल्या यंत्र-सूचना) काढून ओळ न् ओळ वाचलीत.

तुम्ही दाखवलेला कंपायलरचा दोष इथे मांडतो, आणखी कुणाला तरी उपयोगी पडेल. लिनक्सवर ६४ बिट एक्स८६ मध्ये बदलत्या संख्येची आर्ग्युमेंट्स घेणारं फंक्शन रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या छोट्या जागा) मेमरीतल्या १७६ बाइटच्या जागेत उतरवून ठेवतं. पहिले ४८ बाइट सहा पूर्णांक रजिस्टरांचे, पुढचे १२८ आठ एक्सएमएमचे (दशांश संख्यांच्या रजिस्टरांचे). आमच्या कॉलमध्ये पाच रजिस्टरं आधीच भरलेली, म्हणजे ऑफसेट (त्या जागेच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ४०. त्यानंतर वजन आणि दर अशा दोन लाँगचं (आठ-आठ बाइटच्या पूर्णांकांचं) १६ बाइटचं स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेला गठ्ठा. ते उरलेल्या एका रजिस्टरात मावत नाही आणि तोडून अर्धं-अर्धं पाठवायची मुभा नाही, म्हणून अख्खं स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) जातं. मोकळा राहिलेला आर९ (सहावं रजिस्टर) मागून येणाऱ्या घडांच्या लाँगला मिळतो. कॉल करणारी बाजू हे सगळं बरोबर करत होती. फंक्शनमध्ये आर्ग्युमेंट्स एकेक करून वाचणारा व्हीए_आर्ग मात्र ऑफसेट ४८ च्या आत आहे एवढंच बघत होता; १६ बाइट घ्यायचे तर तो ३२ च्या पुढे गेलेला चालत नाही. त्यामुळे वजन म्हणून आर९ मधले घड आले, घड म्हणून स्टॅकवरचं वजन, आणि दर थेट एक्सएमएम० च्या जागेतून. कॉलमध्ये डबल (दशांश संख्या) नाही, म्हणून किती एक्सएमएम वापरली ते सांगणारं एएल शून्य, म्हणजे तिथे काही उतरवलेलंच नव्हतं. आधीचा जो कचरा पडला होता तोच दर!

पण सगळ्यात जास्त मनाला लागलं ते वेगळंच. प्रिंटआऊटच्या समासात पेन्सिलीने ऑफसेट मांडताना तुम्ही सगळ्यात वर लिहिलं होतं, "कोड बरोबर आहे. आधी एवढं वाचून घ्या." समोरच्याच्या जिवाला लागलेला घोर आधी उतरवायचा आणि मग कारण सांगायचं, एवढी माया फार थोड्यांकडे असते. समोरचा खरं बोलतोय असं धरून ऐकणारी माणसं आहेत म्हणून कामं पुढे सरकतात.

दुरुस्त कंपायलर येईपर्यंत तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्ट्रक्टऐवजी त्याचा मेमरीतला पत्ता पाठवतोय. पत्ता आठच बाइटचा, एका रजिस्टरात बसतो. वजन, दर, घड आता जागच्या जागी आहेत. भाऊ, मनापासून आभार.