क्वांगबद्दल एक ओळही नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला 'व्हिएटगॉन' नाटकावरचा लेख वाचून मनस्ताप झाला. हेलिकॉप्टरच्या छायाचित्राला अर्धं पान, १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली त्याला दोन परिच्छेद आणि नाटकाचा नायक क्वांग याला एक ओळही नाही!

२०१५ मध्ये कॅलिफोर्नियात कॉस्टा मेसाच्या साउथ कोस्ट रेपर्टरी या नाट्यगृहात हे नाटक पहिल्यांदा आलं, तेव्हाच मी पाहिलं. क्वांग दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलातला वैमानिक. बायको आणि दोन मुलं मागे राहिली आणि हा अमेरिकेत, आर्कान्सातल्या फोर्ट चॅफीच्या निर्वासित छावणीत येऊन पडला. हुद्दा गेला, कर्तेपण गेलं. मायदेशी परतायची काही सोय होईल या आशेने मित्राला घेऊन तो मोटरसायकलवर थेट कॅलिफोर्नियाला निघतो. हा तरुण रॅप करतो, शिव्या हासडतो, छावणीतल्या टाँग या तरुणीच्या प्रेमात पडतो. व्हिएतनामी पात्रं फर्डं, रांगडं इंग्रजी बोलतात; अर्थहीन बडबड अमेरिकनांच्या वाट्याला येते. नाटककार क्वी न्गुयेन यांनी नाटक रचलंय ते आपल्याच आईवडिलांच्या गोष्टीवर. या सगळ्यातून तुमच्या लेखकाने उचललं काय, तर 'निर्वासितांची व्यथा'.

हे नाटक पाहिलं तेव्हा मी कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हला राहत होतो. शेजारचे व्हिएतनामी गृहस्थ दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातले. पिवळ्यावर तीन लाल पट्ट्यांचा त्या देशाचा जुना झेंडा त्यांच्या दारावर कायम. त्यांचा मुलगा नाटकाला माझ्यासोबत होता. शेवटच्या प्रवेशात म्हातारा क्वांग लेखक-मुलाला सुनावतो, की तुम्ही चुकीचं म्हणता ते युद्ध आमच्यासाठी जगण्या-मरण्याचं होतं. शेजारचा मुलगा नखं कुरतडत ऐकत होता. बाहेर पार्किंगमध्ये मला म्हणाला, "बाबा युद्धावर एक शब्द बोलत नाहीत. मी रडलो की मात्र ओरडायचे." बापाचं हे गप्प राहणं मुलाने पुरुषार्थ समजून उचलायचं, हा या नाटकाचा गाभा आहे. त्याला वगळून लिहिलेल्या लेखाला मी नाट्यपरीक्षण म्हणणार नाही.

आणखी एक. शनिवारचं नाटकाचं पान तुम्ही दोन स्तंभांवर आणलंय, तेही जाहिरातींच्या मधे. पूर्वी तिथे परीक्षणं सविस्तर यायची, प्रयोगांच्या वेळाही मिळायच्या. जागाच दिली नाही तर असेच लेख येणार. ते पान पूर्वीसारखं करावं, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे