होडीने देवबागपर्यंत

मालवण,
१४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

सहावीत असताना दांडीच्या वाळूत बसून आपण ठरवलं होतं, एकदा होडीने देवबागपर्यंत जायचं. परवा गेलो. तू बरोबर नव्हतास हे दिवसभर टोचत राहिलं, म्हणून सगळं लिहून कळवतोय.

सकाळी सातला जेटीवरून निघालो. फायबरची लहान होडी, मागे इंजिन, आत दोन वल्ही. मी आणि आमच्या वाडीतले म्हातारे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे. जमिनीवरून येणारा मतलई वारा अजून थांबला नव्हता, त्यामुळे किनाऱ्यालगत पाणी अगदी शांत. होडीच्या काठावरून हात सोडला की बोटं पाण्यात.

सिंधुदुर्ग किल्ला आपण किती वेळा पाहिला असेल! पण प्रवाशांची होडी सरळ दरवाजाशी नेऊन सोडते. या वेळी तटाला लांबून वळसा घातला, आणि महाराजांनी कुरटे बेटच का निवडलं ते तेव्हा कळलं. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली, हे शाळेत घोकलं होतं. पण बाळ्या, तटाच्या आधी खडपांचा, पाण्यातल्या खडकांचा, तट आहे रे! ओहोटी होती, कुठे काळी टोकं वर आलेली, बरीचशी पाण्याखालीच. दरवाजा तर बुरुजांच्या वळणात असा दडलाय की जवळ जाईपर्यंत पत्ताच लागत नाही. मोठं जहाज आणणाऱ्या परक्याची काय गत होत असेल! तांडेल मला म्हणाले, "पाण्याचो रंग बघ. काळा दिसता थय खडप आसा." मग मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसून रंगच बघत राहिलो.

शेजारच्या पद्मगड किल्ल्याच्या पुढे इंजिन एकदम घुसमटलं आणि बंद पडलं. वाहत आलेलं फाटकं जाळं पंख्यात गुंतलं होतं. होडी आडवी होऊन खडपाकडे सरकायला लागली. मला घाम फुटला. तांडेलांनी एक शब्द न बोलता नांगर टाकला, दोर ताणला जाईपर्यंत हातात धरून ठेवला, आणि मगच इंजिन वर उचललं. नायलॉन पंख्याच्या मुळाशी दोरखंडासारखं पिळून बसलं होतं. सुरीने एकेक पीळ कापायला अर्धा तास गेला. मी वल्ह्याने होडीचं तोंड लाटेला धरून होतो. तळहाताला फोड आलेत. कापलेलं जाळं त्यांनी परत पाण्यात टाकलं नाही, घडी करून फळीखाली ठेवलं. ते मला फार आवडलं.

पुढे वायरी, तारकर्ली, माडांची ती न संपणारी रांग. देवबागच्या टोकाला कर्ली नदीच्या मुखावर लाटा फुटत होत्या. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि समुद्र आत रेटतोय. आम्ही बाहेरच थांबलो, भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी खाल्ली. भरती लागल्यावर तांडेलांनी एक मोठी लाट जाऊ दिली आणि तिच्या पाठीवरून होडी आत घातली. क्षणात नदीचं संथ पाणी.

तू मेच्या आधी ये. जूनमध्ये होड्या माडाच्या झापांखाली गेलेल्या असतील. तांडेलांना मी तुझं नाव सांगून ठेवलंय. काकूंना नमस्कार.

तुझाच,
दादू