सेल्फीतला अनोळखी चेहरा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सेल्फी म्हटली की आत्मप्रौढीचा शिक्का मारून आपण मोकळे होतो. पण माणसाला स्वतःचा आरशातला, म्हणजे डावे-उजवे उलटलेला चेहराच अधिक आवडतो आणि मित्रांना मात्र त्याचा सुलटा चेहरा, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच दाखवून दिले होते. फोनचा पुढचा कॅमेरा आधी आरशासारखी प्रतिमा दाखवतो आणि फोटो निघाल्यावर अनेकदा ती सुलटी करतो. भांग दुसऱ्याच बाजूला गेलेला तो चेहरा मग खटकतो आणि हात पुन्हा लांब होतो. शिवाय हातभर अंतरावरून नाक आहे त्यापेक्षा मोठे दिसते, ते वेगळेच. अशा फोटोवरचे लाइक मोजत खंतावणाऱ्या मुलांना (पालकही यात मागे नाहीत) रागावण्याऐवजी शाळांनी विज्ञानाच्या तासाला त्यांच्याच फोनवर हा फरक दाखवावा.

आपला एक वाचक