पेन्सिलीतला सातबारा

सेंट थॉमस, ऑन्टॅरिओ

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

इथली शेती पहिल्यांदा कुणी काढली, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर सांगून भागलं नसतं, म्हणून लिहिते.

थॉमस टॅल्बट हा मूळचा आयर्लंडचा, तुमच्यासारखाच फौजी. ब्रिटिश सैन्यात लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढला, मग फौज सोडली आणि मे 1803 मध्ये एरी सरोवराच्या काठी ऐन जंगलात येऊन उतरला. वय अवघं 31. सरकारने 5000 एकर दिले, पण सगळी झाडीच. तरुणपणी डब्लिनला त्याच्याबरोबर नोकरीला होता आर्थर वेलस्ली. तोच, त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला! हे वाचलं आणि आपलं रान डोळ्यांपुढे आलं.

झाड तोडलं तरी बुंधा निघायचा नाही. तो कुजायला वर्षानुवर्षं जात, तोवर बुंध्यांच्या मधूनच गहू पेरायचे. तुम्ही बांधावरची बाभळीची खोडं काढताना हातांना आलेले फोड मला अजून आठवतात.

पुढे तो येणाऱ्यांना जमीन वाटू लागला. घर बांधायचं, ठरलेली जमीन साफ करायची, आणि आपल्या हद्दीपुढचा रस्ताही आपणच करायचा. त्यामुळे रस्ते चांगले झाले. टॅल्बटच्या नावाच्या रस्त्यावरूनच मी रोज कामाला जाते. पण आबा, लोकांची नावं तो नकाशावर पेन्सिलीने लिहायचा. अट मोडली की खोडरबर! आजोबांच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव लागावं म्हणून तुम्ही किती हेलपाटे घातलेत, ते मी पाहिलंय. घाम गाळलेल्या माणसाचं नाव असं पुसलं जावं, हे मला पटत नाही. आणि त्याच्याही आधी ही भूमी इथल्या मूळ रहिवाशांची, अनिशिनाबे लोकांची होती. त्यांचं नाव तर नकाशावर आलंच नाही.

तो 1853 मध्ये गेला. टिरकॉनेलला त्याची कबर आहे, रविवारी जाऊन आले. जवळच सरोवराचा उंच कडा आहे, नुसती चिकणमाती, लाटांनी ढासळत चाललेली. चिमूटभर बोटांत चोळून पाहिली. आपल्या काळ्या मातीसारखी नाही.

तुरीला शेंगा धरल्या का? विहिरीला पाणी किती आहे तेही कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
ताई