आई, ते सर्वांगासन आधी बंद कर

दांडिया बाजार, वडोदरा

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बारा वर्षं योग शिकवतेस, आता परत शिकायचं काय राहिलं?" रिक्षात होते, धड बोलता आलं नाही. योगचिकित्सेचा अभ्यासक्रम का घेतला ते आता लिहिते.

वर्गात वीस जणींना एकदम 'हात वर, श्वास घ्या' सांगायची सवय. योगचिकित्सेत समोर एकच माणूस, आणि पहिला पाऊण तास आसनाचं नावही काढायचं नाही. झोप कशी लागते, कधी पडलात का, गोळ्या कोणत्या. पहिल्याच दिवशी बाईंनी मला तीनदा टोकलं, कारण मी मध्येच 'मकरासन करून बघूया?' म्हणाले. योगचिकित्सकांची आंतरराष्ट्रीय संघटना २०० तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणावर आणखी किमान ८०० तास मागते. आधी मला ती फी उकळायची सोय वाटली होती.

निम्मा अभ्यास काय करू द्यायचं नाही याचाच. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून पुढे वाकवायचं नाही, रक्तदाब असेल तर श्वास रोखायला लावायचा नाही. गेल्या आठवड्यात काचबिंदूचा धडा झाला. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो, शीर्षासनात तर जवळजवळ दुप्पट. वहीत लिहून घेता घेता आपला फ्रिज आठवला. दारातल्या वरच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीला टेकून तुझ्या थेंबांची बाटली, आई. रोज दूध काढताना दिसायची. आणि रोज सकाळी मीच तुला भिंतीपाशी पाय वर करायला लावायची, 'अजून दहा श्वास' म्हणत. थेंब काचबिंदूचे हे माहीत होतं गं. दोन्ही गोष्टी एकत्र आणून कधी बघितल्याच नाहीत.

दादाकडे चालू असेल तर आजपासून बंद. सर्वांगासन, विपरीत करणी, डोकं खाली जाईल असं काहीच नको. बसून साधा श्वास चालेल. थेंब चुकवू नकोस. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना किती वर्षं करत होतीस ते खरं सांग, माझी बाजू सांभाळत बसू नकोस.

बाबा, डभोईचे जगन्नाथ गुणे आपल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांकडे घडले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि आसनांनी शरीरात काय होतं ते प्रयोगशाळेत तपासायला बसले. आखाड्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्यात, ही बरी राहिली!

डॉक्टर काय म्हणाले ते दादाकडून निरोप नको. आई, तू स्वतः फोन कर.

तुमची,
मृणाल