तू देऊ नकोस, मी देतो

देवगड,
२६ जानेवारी २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेशपरीक्षा, पुन्हा द्यावी की नाही हे तू मला विचारलेस आणि त्याच दमात, ‘तू तर देणारच असशील, मग दोघे मिळून अभ्यास करू,’ असेही लिहून टाकलेस. दोघांच्या प्रश्नाला एकच उत्तर असेल असे तू धरून चालला आहेस आणि तिथेच माझे तुझ्याशी पटत नाही. तुला ९७ पर्सेंटाइल मिळाले, मला ९१; म्हणजे शंभरातले ९७ जण तुझ्या मागे, ९१ माझ्या मागे. ज्याचे थोडक्यात हुकले त्याने पुन्हा जोर लावावा आणि ज्याचे बरेच कमी पडले त्याने मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असा सल्ला आपल्याला घरीदारी मिळत आहे. मला मात्र नेमके उलटे वाटते. का वाटते, ते सविस्तर लिहितो.

आधी तुझे पाहू. या खेपेला सुमारे २.९३ लाख मुले परीक्षेला बसली होती. म्हणजे ९७ पर्सेंटाइलवर तुझ्या पुढे साधारण ८,८०० जण आहेत आणि ९९ वर जायचे तर त्यांपैकी सुमारे ५,९०० जणांना मागे टाकावे लागेल. ‘दोनच पर्सेंटाइल तर वाढवायचे आहेत’ हे तुझे वाक्य म्हणूनच मला खटकले. त्या हजारोंपैकी कितीतरी जण तुझ्यासारखेच नोकरी सांभाळून पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहेत, त्यामुळे जागच्या जागी राहण्यासाठीही तुला थोडे पळावे लागेल. शिवाय तुझ्या निकालपत्रात दुरुस्त करण्यासारखे एक ठळक ठिकाणच नाही. तिन्ही विभाग ९४ ते ९६ च्या घरात आहेत. ज्याचा एक विभाग पडलेला असतो त्याला वर्षभर काय करायचे हे ठाऊक असते; तुला सगळेच थोडे थोडे वर उचलावे लागेल आणि माझ्या मते ते सर्वांत अवघड आहे. त्या दिवशी डीआयएलआरचे, म्हणजे माहितीचे विश्लेषण आणि तर्क या विभागाचे, पाच सेट (प्रश्नसंच) होते; एखादा सेट तुला आणखी सुटला असता तर तुझा आकडा बराच वर गेला असता, हे खरे आहे. पण तो पुढच्या नोव्हेंबरात सुटेलच असे म्हणायला तुझ्या मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षांच्या, गुणांत तरी आधार दिसत नाही. तू पाठवलेले शेवटचे मॉक मी पाहिले. ते सगळे याच पट्ट्यात फिरत आहेत.

आता जी गोष्ट तू पत्रात टाळलीस, ती मी लिहितो. अहमदाबाद, बंगळूर आणि कलकत्ता या तिन्ही आयआयएममध्ये मुलाखतीला बोलावताना केवळ कॅटचे गुण पाहत नाहीत. दहावी-बारावीचे गुणही हिशेबात धरतात. तुझे बारावीचे टक्के तुला माहीत आहेत, मलाही आहेत. त्या वर्षी काकांचे आजारपण होते, पण ते कुठल्याही अर्जात लिहायला जागा नसते. तुला ९९ मिळाले तरी या तीन संस्थांच्या यादीत तुझे नाव येण्याची शक्यता फारशी वाढत नाही, आणि तू पुन्हा बसतो आहेस तो तर त्यांच्याचसाठी. आज तुझ्या हातात काही नव्या आयआयएमच्या एकत्रित प्रक्रियेचे, म्हणजे कॅपचे, बोलावणे आहे. वर्षभराच्या अभ्यासानंतर यापेक्षा थोडे वरचे बोलावणे येईल, हे मी मान्य करतो. पण ‘थोडे वरचे’ म्हणजे नेमकी कोणती संस्था, हे तू नाव घेऊन कागदावर लिहून दाखव. तसे लिहिता आले आणि तिथे तुझे बारावीचे गुण आड येत नसले, तर माझा विरोध मागे घेतो.

‘एका वर्षाने काय बिघडते’ असे तू विचारलेस. परीक्षेचे शुल्क २०२४ साली अडीच हजार रुपये होते, ते सोडून दे. शिकवणीचे पैसेही सोडून दे. वर्षभर थांबलास तर एमबीएनंतरच्या नोकरीचे एक वर्ष तू कायमचे गमावतोस. ते वर्ष तुझ्या आजच्या पगाराचे नसते, तर त्या वाढलेल्या पगाराचे असते. त्यातच हिंजवडीची ती रोजची वाहतूक आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे तुझे कॉल. गेल्या वर्षी जो काही अभ्यास झाला तो शनिवार-रविवारीच झाला असे तूच म्हणायचास. पुढचे वर्ष निराळे का जाईल, याचे एकही कारण तुझ्या चार पानांत मला सापडले नाही.

माझी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी काही पराक्रम म्हणून सांगत नाही. माझे क्वांटला (गणिताला) ९५ आहेत, डीआयएलआरला ९३ आणि व्हीएआरसीला (इंग्रजी भाषा व वाचन-आकलनाला) ७१. घाव एकाच जागी आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तरपत्रिका मिळाल्यावर मी ती उत्तरतालिका शेजारी ठेवून दोन रात्री तपासली. त्यातून जे कळले त्यावर माझा सगळा निर्णय उभा आहे. व्हीएआरसीत २४ प्रश्न, ४० मिनिटे; त्यांतले १६ प्रश्न चार उताऱ्यांवरचे. जे उतारे मी पूर्ण वाचले त्यांवरची माझी उत्तरे बहुतेक बरोबर आहेत. चौथा उतारा मी वाचलाच नाही आणि तिसऱ्याच्या मधोमध वेळ संपली. म्हणजे समजण्यात खोट नाही, वाचण्याचा वेग कमी आहे. आपण दोघेही मराठी माध्यमाचे, पण तू इंजिनिअरिंगला पुण्यास गेलास आणि चार वर्षे इंग्रजीतच वावरलास. मी इथल्याच महाविद्यालयात बी.कॉम. केले. मी अजूनही इंग्रजी वाक्य मनातल्या मनात मराठीत उतरवून मग पुढच्या वाक्याकडे जातो. ही सवय शेवटच्या दोन महिन्यांत मॉक देऊन सुटत नाही, वर्षभर रोज वाचल्यास सुटते. गेल्या वर्षी मी जुलैत सुरुवात केली होती. या वेळी डिसेंबरातच केली आहे.

काय करतो तेही लिहितो, कारण तुला चेष्टा करायला विषय मिळेल. फॅक्टरीतून सुटल्यावर (हिशेबाचे टेबल अजून माझ्याकडेच आहे) वाचनालयात जातो. इंग्रजी वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारपर्यंत पोहोचते, पण संपादकीय पान शिळे होत नाही. एक मोठा लेख घ्यायचा, घड्याळ लावायचे, मध्ये न थांबता शेवटपर्यंत वाचायचा आणि मग प्रत्येक परिच्छेदाचे सार वहीत एका ओळीत मराठीत लिहायचे. पहिले पंधरा दिवस सार लिहिताना परत वर पाहावे लागत होते. आता सहसा लागत नाही. माझ्या पट्टीतले विषय, म्हणजे बँका, शेती, बाजारभाव, मी मुद्दाम टाळतो. परीक्षेत तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, कलेचा इतिहास असलेच काहीतरी समोर येते आणि पहिल्याच परिच्छेदात हातपाय गळतात. परवा अडीच पाने केवळ शास्त्रीय वर्गीकरणाच्या इतिहासावर वाचली. त्यातले तीन शब्द मला अजूनही कळलेले नाहीत, तरी लेखकाचे म्हणणे मात्र कळले. पूर्वी त्या तीन शब्दांशीच मी दहा मिनिटे झोंबलो असतो. दुसऱ्या वहीत चुकलेल्या प्रश्नांची कारणे लिहितो. माझा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जो पर्याय स्वतःपुरता अगदी खरा असतो पण उताऱ्यात कुठेही म्हटलेला नसतो, तो. तसल्या पर्यायापुढे मी आता लाल फुली करतो, आणि त्या वहीत लाल रंग फार आहे.

इथल्या अडचणी तुला ठाऊक आहेतच. पावसाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टर किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो आणि मॉकचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. गेल्या सप्टेंबरात अर्ज भरायची मुदत आणि गणपती एकाच वेळी आले. घरात पंचवीस माणसे, रात्री भजने, आणि मी माळ्यावर बसून डीआयएलआर सोडवतोय असे चित्र होते. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, म्हणजे आरती आणि अर्ज निदान शेजारीशेजारी तरी येणार नाहीत. केंद्र कोल्हापूर असल्यामुळे आदल्या दिवशी फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे जावे लागते, कारण सकाळचे सत्र साडेआठला सुरू होते आणि इथून त्या वेळी पोहोचवणारी गाडी नाही. बाबांना सगळे समजावून सांगितले तेव्हा ते मोहरावरच्या तुडतुड्यांच्या फवारणीचे पाणी मोजत होते. मान वर न करता म्हणाले, ‘वर्स गेला तर जांवदे, पण फुकट जावक नको.’ ते नाराज आहेत की राजी, हे मी विचारले नाही.

एमबीएच्या दुसऱ्या प्रवेशपरीक्षांचे थोडक्यात. स्नॅप आणि एनमॅट एकाच हंगामात पुन्हा देता येतात आणि जीमॅटला तर सोळा दिवसांनी पुन्हा बसता येते व गुण पाच वर्षे चालतात. तिथे पुन्हा देण्याचा प्रश्न पैशांचा आणि काही आठवड्यांचा असतो. कॅट मात्र वर्षातून एकदाच होते, म्हणून तिच्याबाबत एवढा खल करावा लागतो. राज्याची एमबीए सीईटी मी देणार आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट, आणि त्यात इंग्रजीचे ५० प्रश्न, ज्यांना माझे हे वाचन उपयोगी पडेल. अडचण एवढीच की ती ऐन आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर येते. तेव्हा पहिली तोड सुरू असते, पेट्या भरायला माणसे अपुरी पडतात आणि वाशीच्या गाडीची वेळ चुकवून चालत नाही. तरी देईन. त्यातून चर्चगेटचे जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम मिळाले तर पुन्हा कॅट देण्याचा विषय तिथेच संपेल, कारण तिथले शुल्क घराला झेपण्यासारखे असते आणि मुंबई सोडून मला कुठे जायचेही नाही. त्याखालचे काही मिळाले तर घेणार नाही. नोव्हेंबरात पुन्हा कोल्हापूर. ही अट मी आत्ताच लिहून ठेवतो आहे, म्हणजे निकालानंतर मनाला पळवाट राहणार नाही. आणि नोव्हेंबरात व्हीएआरसी ८५ च्या खाली राहिले तर तिसऱ्यांदा बसणार नाही, हेही लिहून ठेवतो. हे पत्र तू जपून ठेव.

तुझ्या मुलाखतीला आता फार दिवस नाहीत. तू अजून पर्सेंटाइलमध्येच अडकला आहेस आणि मुलाखतीची तयारी शून्य आहे, ही माझी खरी तक्रार आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे दोन विषय तरी नीट वर काढ, कारण ‘तुमचा आवडता विषय कोणता’ असे विचारून ते त्याच्यातच खोल शिरतात. तुझी कंपनी पैसे कशातून मिळवते, तुझ्या प्रकल्पाचा ग्राहक कोण आहे, त्याला तुमच्यामुळे काय वाचते, हे तुला पाच वाक्यांत सांगता आले पाहिजे. गेल्या दिवाळीत मी विचारले तेव्हा तू वीस मिनिटे बोललास आणि मला काही कळले नाही. नोकरी सोडून एमबीए का करायचे, याचे उत्तर एका पानात लिहून येत्या आठवड्यात मला पाठव. त्यात ‘नेतृत्वगुण’ हा शब्द दिसला तर पान परत करीन. आलेल्या पानावर मी जमतील तेवढे तिरकस प्रश्न लिहून पाठवतो, आणि मग रविवारी रात्री फोनवर अर्धा तास खरी मुलाखत घेऊ.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा मित्र